जुनं चिनी चांदीचं नाणं खरं की बनावट, कसं ओळखायचं?

अनघा_क

नमस्कार मंडळी. राजापूरजवळच्या सासूबाईंच्या माहेरघराची आवराआवर चालू आहे. त्यात एका पितळी डब्यात मोठी, जड अशी दोन चांदीची नाणी मिळाली. सासूबाईंचे आजोबा बोटीवर आगवाला होते आणि त्यांच्या बोटी हाँगकाँग-शांघायपर्यंत जायच्या, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. नाणी त्यांनीच आणली असावीत. पण डबा मधल्या काळात बऱ्याच हातांतून गेलाय, त्यामुळे खात्रीने कोणीच सांगत नाही.

पहिल्या नाण्यावर बारीक केस कापलेल्या, मिशाळ, गोल चेहऱ्याच्या माणसाचं डावीकडे पाहणारं चित्र आहे. अंगात लष्करी गणवेश. डोक्यावर कमानीत सहा चिनी अक्षरं. मागच्या बाजूला रिबिनीने बांधलेली धान्याची दोन कणसं आणि मध्ये एकाखाली एक अशी दोन अक्षरं. इंग्रजी अक्षर एकही नाही. दुसऱ्यावर हातात त्रिशूळ घेतलेली उभी बाई, मागे समुद्र, इंग्रजीत 'वन डॉलर' आणि १९०१ हे साल. मागे चिनी नक्षी आणि अरबीसारखी दिसणारी अक्षरं.

तालुक्याच्या सराफांनी वजन करून दिलं: पहिलं २६.६२ ग्रॅम, दुसरं २६.८८. "चांदी आहे, मोडीच्या भावाने घेतो," म्हणाले. उलट आमच्या एका नातेवाइकांचं म्हणणं की चिनी नाणी सगळी नकलीच असतात, त्यात जीव अडकवू नका. विकायची घाई अजिबात नाही. खरी असतील तर नीट जपायची आहेत. कशावरून ठरवायचं? सासूबाई चिंच भिजवून घासायला बसल्या होत्या, त्यांना थांबवून लिहितेय.

कातळशिल्प

ती चिंच आधी आमटीत टाका, ताई. पितांबरी, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. साधं फडकंही घासू नका. जुन्या चांदीवरचा काळसरपणा हाच तिच्या वयाचा एक पुरावा असतो, आणि एकदा घासून काढला की तो परत येत नाही. घासलेल्या नाण्याला संग्राहक निम्मी किंमतही देत नाहीत. बाकीचं जाणकार सांगतीलच. फोटो डकवा, आणि कडेचाही काढा.

टाकसाळकर

अनघाताई, वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोआधीच ओळख पटली. पहिलं नाणं युआन शिकाईचा डॉलर. चीनमध्ये याला लोक 'युआन दा थोऊ' म्हणतात, म्हणजे मोठ्या डोक्याचा युआन. दुसरं ब्रिटिश ट्रेड डॉलर, त्याच्याकडे नंतर येतो, कारण त्याचा धागा थेट मुंबईला जोडलेला आहे.

१९१२ साली युआन शिकाई चीनच्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला तेव्हा बाजारात मेक्सिकोचे डॉलर, निरनिराळ्या प्रांतांची ड्रॅगन छाप नाणी आणि चांदीच्या लगडी असा सगळा गोंधळ होता. प्रत्येक शहरात तोलाचं माप वेगळं. १९१४ च्या फेब्रुवारीत चलनाचा कायदा आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तियानजिनच्या टाकसाळीतून हा डॉलर बाहेर पडला. ठसे लुइजी जॉर्जी नावाच्या इटालियन कारागिराने कोरले होते. लोकांनी या नाण्यावर लगेच विश्वास टाकला. युआनने १९१५ च्या अखेरीस स्वतःला सम्राट जाहीर केलं, तीन-चार महिन्यांतच ते गुंडाळावं लागलं आणि जून १९१६ मध्ये तो वारला. पण त्याच्या चेहऱ्याचं नाणं त्याच्या मागे कितीतरी वर्षं पडत राहिलं. तियानजिनखेरीज नानजिंग, वुचांग अशा इतर टाकसाळींतही. १९५० च्या दशकात तिबेटमध्ये लोक कागदी नोटा घेईनात, तेव्हा कम्युनिस्ट सरकारनेसुद्धा तिथल्या वापरासाठी हेच नाणं पुन्हा पाडलं. म्हणून हे दुर्मीळ नाणं नाही. कोट्यवधी निघाली. नातेवाइकांचं 'सगळी नकली' हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही: अस्सल नाणी भरपूर आहेत, फक्त नकलीही भरपूर आहेत.

आता साल वाचू. सहा अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची. अगदी उजवं अक्षर म्हणजे आडवा चौकोन आणि त्याला मधोमध भेदणारी उभी रेघ, म्हणजे 'मध्य', चीनच्या नावाचं पहिलं अक्षर. डावीकडून दुसऱ्या जागी तीन आडव्या रेघा दिसतायत का? तो आकडा तीन. प्रजासत्ताकाचं तिसरं वर्ष. त्यात १९११ मिळवले की १९१४. या मालिकेत वर्षं चारच: ३, ८, ९ आणि १०, म्हणजे १९१४, १९१९, १९२० आणि १९२१. तिसऱ्या वर्षाच्या नाण्यावर सहा अक्षरं, बाकीच्या तिन्हींवर सात, कारण त्यांत डाव्या टोकाला 'घडवले' अशा अर्थाचं एक अक्षर जास्त आहे. तीन रेघा आणि अक्षरं मात्र सात, असं नाणं समोर आलं तर पुढे तपासायचं कारणच नाही. पाचवं किंवा सहावं वर्ष दिसलं तरी तेच.

मापं: व्यास साधारण ३९ मिमी, जाडी अडीच मिमीच्या आसपास, चांदी ८९ टक्के, बाकी मुख्यतः तांबं. कायद्यातलं वजन २६.८६ ग्रॅम, पण प्रत्यक्षात वापरलेली नाणी २६.४ ते २६.८ मध्ये सापडतात. तुमचं २६.६२ अगदी जिथे असायला हवं तिथे आहे.

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा, कारण या विषयात सगळे इथेच फसतात. 'चांदी खरी आहे का' आणि 'नाणं खरं आहे का' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. सराफांनी पहिल्याचं उत्तर दिलंय. दुसऱ्याचं उत्तर चांदीच्या शुद्धतेत नसतं, ते ठशात असतं. आज चांगल्या नकला अस्सल चांदीच्याच बनवतात, कारण दुर्मीळ प्रकाराची किंमत त्यातल्या चांदीच्या शेकडो पट असू शकते, मग चांदीचा खर्च नकली बनवणाऱ्याला सहज परवडतो.

सराफकट्टा

टाकसाळकरांशी पूर्ण सहमत. आमचा पिढीजात धंदा आहे, म्हणून आमच्या बाजूने थोडं सांगतो. दुकानात जुनं नाणं आलं की आम्ही तीन गोष्टी करतो: वजन, कसोटीच्या दगडावर घासून आम्ल, आणि आता बऱ्याच ठिकाणी एक्स-रे यंत्र. कस लावायला नाणं घासावं लागतं, त्याचा ओरखडा कायम राहतो. कानस तर अजिबात लावू देऊ नका, काही ठिकाणी कडेला खाच पाडून आत पाहतात. नाणं संपलं त्याच दिवशी.

यंत्राला नाण्याचा त्रास नाही, पण त्याला वरचा पातळ थरच कळतो. जाड मुलामा असेल तर आत पितळ असूनही यंत्र चांदी दाखवेल. त्यामुळे यंत्राचा आकडा आणि वजन-आकारमान जुळतंय का हे दोन्ही पाहायचं. यंत्राने जर ९९.९ टक्के शुद्ध चांदी दाखवली तर मला उलट शंका येईल. १९१४ च्या टाकसाळीत अशी चांदी वापरत नव्हते. पण कधी कधी वरच्या थरातलं तांबं झिजून-विरघळून जातं, त्यामुळे ९२-९३ दिसलं म्हणून घाबरायचं नाही.

मुशाफिर७

एवढं सगळं कशाला? नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारायची. कलदार रुपया जसा खणखणीत वाजतो तसा वाजला की अस्सल. आमचे आजोबा असंच करायचे. चिनी लोक तर नुसती कडेवर फुंकर मारून कानाशी धरतात म्हणे, त्यावरूनच ओळखतात.

ग्वांगझौकर

फुंकरीची पद्धत खरी आहे. दोन नखांत नाण्याचा मध्य पकडायचा, कडेवर जोरात फुंकायचं आणि पटकन कानाशी न्यायचं. बारीक, लांबत जाणारा सूर ऐकू येतो. इथले म्हातारे दुकानदार अजूनही करून दाखवतात, आणि युआन दा थोऊ म्हटलं की प्रत्येकाला ती फुंकर आठवतेच.

पण मुशाफिरदादा, त्यावर निर्णय सोपवता येत नाही. चांदीची नक्कल तशीच वाजते. तांब्याच्या काही मिश्रधातूही छान वाजतात. उलट खऱ्या नाण्याला आत सूक्ष्म चीर असेल, किंवा कधीकाळी त्याला दागिन्याची कडी डाखली असेल तर ते बद्द वाजतं. आवाज बद्द आला तर शंका घ्यावी, खणखणीत आला तर पुढच्या तपासणीला जावं, इतकंच. आणि कृपा करून फरशीवर टाकून वाजवू नका. कडेला पोचा पडतो.

इथल्या बाजारांची गोष्ट सांगतो. बीजिंगच्या पानजियायुआन बाजारात किंवा कुठल्याही मोठ्या शहराच्या जुन्या वस्तूंच्या गल्लीत ही नाणी ढिगाने मांडलेली असतात, ड्रॅगन, युआन, सुन यत-सेन, सगळी एकत्र, एकेक पाण्याच्या बाटलीच्या किमतीला. स्थानिक लोकांना ती प्रतिकृती आहेत हे ठाऊक असतं. पर्यटक 'आठवण' म्हणून नेतो, पुढे ती वस्तू दुसऱ्या देशात, दुसऱ्या पिढीत पोचते आणि तिथे ती 'आजोबांनी आणलेली' होते. म्हणून घराण्याची गोष्ट कितीही खरी असली तरी तपासणी नाण्याचीच करायची. अनघाताई, तुमच्या घरातून हल्ली कोणी चीनला जाऊन आलंय का, हेही विचारून ठेवा.

प्रयोगवही

मी शाळेत रसायन शिकवते. घरच्या घरी करता येणारी सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे घनता. नाण्याला काहीही होत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागतो, बाजारात स्वस्तात मिळतो.

आधी कोरड्या नाण्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक शिवणदोरा बांधा आणि ते हाताने धरून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, अधांतरी हवं. काटा जो आकडा दाखवेल तितकं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला म्हणजे नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. बुडबुडा चिकटला तर घनता खोटी कमी येते. नंतर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडावर टिपून घ्यायचं, पुसायचं नाही.

शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. ८९ टक्के चांदी आणि बाकी तांबं धरलं तर हिशेबाने १०.३ येते. तांबं-निकेलची नक्कल ८.९ च्या आसपास, पितळेची साडेआठच्या आसपास, लोखंडाची ७.९. तुमच्या २६.६२ ग्रॅमच्या नाण्याने काट्यावर २.५८ ते २.६० दाखवायला हवं. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेलचं असतं तर जवळपास ३.०. हा फरक साध्या काट्यालाही स्वच्छ कळतो. मात्र ०.०१ चा फरक पडला तरी घनता ०.०४ ने हलते, म्हणून दोन-तीनदा मोजून मधला आकडा धरा.

चुंबकाचंही सांगते. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तांबं, पितळ, शिसं हीही चिकटत नाहीत. चिकटलं तर नाणं खोटं, न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही. नाणं तिरकं धरून त्यावरून छोटा निओडिमियम चुंबक सोडला तर चांदीवर तो संथ घसरतो, कारण धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात. पितळेवर तो बराच लवकर खाली येतो. तांब्यावर मात्र चांदीसारखाच रेंगाळतो.

देवगडचा_बापू

अगदी वेळेवर धागा आला. मी मागच्या वर्षी एका प्रदर्शनात ड्रॅगन छाप नाणं घेतलं. इंग्रजीत क्वांगतुंग प्रॉव्हिन्स, ७ मेस अँड २ कँडरीन्स असं लिहिलंय. विकणाऱ्याने १८९० चं म्हणून दिलं. प्रयोगवहीताईंच्या पद्धतीने आत्ताच मोजलं: वजन २२.९ ग्रॅम, पाण्यात २.६८. काय समजायचं?

प्रयोगवही

२२.९ भागिले २.६८ म्हणजे ८.५४. चांदी नाही, बापू. पितळेच्या जवळचा आकडा आहे.

टाकसाळकर

बापू, वाईट वाटतं सांगायला, पण वजनावरच उत्तर आलेलं आहे. नाण्यावर जे '७ मेस २ कँडरीन्स' लिहिलंय ते चिनी तोलाचं माप आहे आणि ग्रॅममध्ये ते २६.९ च्या जवळ जातं. म्हणजे नाणं स्वतःच आपलं वजन सांगतंय आणि काट्यावर चार ग्रॅम कमी भरतंय. झिजून एवढं कमी व्हायचं तर ड्रॅगन ओळखूसुद्धा आला नसता. ग्वांगडोंगची टाकसाळ १८८९ मध्ये सुरू झाली, यंत्रं बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडून आली होती, त्या काळातली उत्तम यंत्रं. तिथलं काम रेखीव असतं. भिंगाखाली ड्रॅगनचे खवले पाहा: खऱ्या नाण्यावर प्रत्येक खवला सुटा दिसतो. आणि उंच भागांवर, म्हणजे ड्रॅगनच्या नाकावर आणि कडेवर, पिवळट झाक आहे का तेही बघा.

देवगडचा_बापू

आहे. नाकावर आणि दोन्ही शिंगांवर. मी ती जुनेपणाची खूण समजत होतो. खवले एकमेकांत मिसळलेत. पावती आहे, विक्रेत्याशी बोलतो. धन्यवाद.

अनघा_क

सगळ्यांचे मनापासून आभार! चीनला घरातून अलीकडे कोणीच गेलेलं नाही, विचारलं. भाच्याच्या कॉलेजमधून काटा आणवला. पहिलं नाणं: कोरडं २६.६२, पाण्यात तीन वेळा २.५९, २.५९, २.६०. दुसरं: २६.८८ आणि २.६१. भाच्याने व्हर्नियरने व्यास मोजला, पहिल्याचा ३९.१ मिमी. चुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो डकवलेत.

दुसऱ्या नाण्यावर बाईच्या पायाशी दोन बारीक ठसे आहेत, एक फुलासारखा आणि एक चौकोनी अक्षरासारखा. हे कोणीतरी खराब केलंय का?

टाकसाळकर

फोटो छान आलेत, विशेषतः कडेचे. पहिल्याची घनता १०.२८, दुसऱ्याची १०.३०. धातूचा प्रश्न मिटला. आता ठशाकडे.

सुरुवात कडेपासून, कारण नकली बनवणारा सगळा जीव चेहऱ्यावर ओततो आणि कड त्याच्या हातून सुटते. तुमच्या नाण्याचे दाते सरळ, समान अंतरावर आणि टोकदार आहेत. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला दोन अर्ध्यांचा सांधा येतो, गोलाकार बारीक रेघ, किंवा ती घासून काढल्याच्या खुणा. दाते कुठे बोथट, कुठे तिरके होतात. इथे तसं काही नाही.

मग मोकळी जागा, म्हणजे चेहऱ्यासमोरचा सपाट भाग. ओतीव नाण्यावर भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा पुटकुळ्या दिसतात, कारण धातू थंड होताना हवा अडकते. ठोकलेल्या नाण्यावर धातू दाबाखाली वाहिलेला असतो, त्यामुळे कडेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा राहतात आणि नाणं दिव्याखाली फिरवलं की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. तुमचं झिजलेलं आहे, झळाळी फक्त अक्षरांच्या आडोशाला उरली आहे. खऱ्या नाण्यात ती तिथेच उरते.

तिसरं, अक्षरं. जवळून पाहा: प्रत्येक रेघेचा माथा सपाट आहे आणि ती पार्श्वभूमीतून ताठ कोनात वर येते. नकलेत रेघ पायथ्याशी पसरते, मेणासारखी वितळलेली दिसते. मग युआनच्या मिशीचे केस, कानाची पाळी, खांद्यावरच्या पट्टीची गोंडेदार झालर. तुमच्या नाण्यात मिशीचे केस झिजलेत पण कानाच्या आतली वळणं शाबूत आहेत. झीज गालावर, कानाच्या वरच्या कडेवर आणि खांद्यावर आहे, म्हणजे जे भाग सर्वात उंच ते आधी झिजले. बनावट झिजेत सगळीकडे सारखाच बोथटपणा असतो, खोल भागातसुद्धा, कारण मूळ नाण्याची झीजच साच्यात उतरलेली असते.

काळेपणाही मला पटतो. अक्षरांच्या कोपऱ्यांत गडद, मग तपकिरी, मग राखाडी असा चढत गेलाय. रसायनाने काळं केलेल्या नाण्यात तो शाईसारखा एकसारखा असतो आणि ओल्या कापसाच्या बोळ्यावर उतरतो.

एक सावधगिरी. ही मालिका अनेक टाकसाळींत, अनेक वर्षं पडली, त्यामुळे अक्षरांच्या रेघांत आणि कणसांच्या दाण्यांत बारीकसारीक फरक असलेले पुष्कळ अस्सल प्रकार आहेत. इंटरनेटवरच्या एका फोटोशी जुळत नाही म्हणून लगेच खोटं म्हणू नये. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांचे फोटो पाहता येतात, तिथे पाच-पन्नास नाणी समोर ठेवून जुळवा. आणि तिथेच सर्वात महत्त्वाची खूण सापडते: दोन वेगवेगळ्या नाण्यांवर तोच ओरखडा, तोच पोचा, त्याच जागी दिसला तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून उतरवलेल्या नकला समजाव्यात. वापरात पडलेला ओरखडा हा त्या एका नाण्याचाच असतो, तो दुसऱ्यावर यायचं कारण नाही. चांदीच्या उत्तम नकला पकडायला याच्याइतका खात्रीचा उपाय मला माहीत नाही. तुमच्या नाण्यावर युआनच्या कपाळासमोर तिरका ओरखडा आहे. मी तासभर लिलावांचे फोटो चाळले, तो दुसरीकडे कुठे दिसला नाही.

माझं मत: १९१४ सालच्या ठशाचं, बाजारात फिरलेलं, अस्सल नाणं. सर्वसामान्य प्रकार, म्हणून किंमत चांदीच्या वर, पण डोळे विस्फारावेत अशी नाही. चेहऱ्याशेजारी जॉर्जीची इंग्रजी सही असती तर मी आनंदून जाण्याऐवजी सावध झालो असतो, कारण सही असलेली नाणी नमुन्यादाखल थोडीच काढली होती आणि नकला मात्र सहीवाल्याच जास्त होतात. युआनचं पिसांच्या टोपीतलं नाणं आणि त्याच्या बादशाहीच्या आठवणीतलं उडत्या ड्रॅगनचं नाणं यांचंही तसंच.

सराफकट्टा

दुसऱ्या नाण्याचं मी सांगू का? भिंगातून त्रिशुळाचं मधलं टोक पाहा, ताई. त्यावर अगदी बारीक इंग्रजी 'बी' दिसेल. तो मुंबईच्या टाकसाळीचा. फोर्टात, टाउन हॉलजवळ आजही उभी आहे तीच. १८९५ पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी हे डॉलर मुंबईत पाडले जायचे. काही कलकत्त्यातही पडले, त्यांवर 'सी'. ९० टक्के चांदी, २६.९५ ग्रॅम. मागची अरबीसारखी अक्षरं मलाय भाषेची आहेत, 'एक रिंगीट' असं लिहिलंय, आणि चिनीत 'एक युआन' (इथे युआन म्हणजे चिनी चलन, युआन शिकाई नव्हे).

अनघा_क

'बी' आहे! सासूबाईंना भिंगातून दाखवला. म्हणजे हे नाणं मुंबईत घडून चीनकडे गेलं आणि परत कोकणात आलं?

टाकसाळकर

बहुधा हो, आणि ते पायाशी असलेले ठसेच त्याची साक्ष देतात. कोणी खराब केलेलं नाही. चीनमधल्या व्यापारी पेढ्या आणि सावकार हातात आलेलं परदेशी नाणं पारखून घ्यायचे आणि खरं असल्याची स्वतःची खूण म्हणून लहान पोलादी ठसा मारायचे. पुढच्या पेढीने आपला मारायचा. काही नाणी ठसे खाऊन खाऊन वाटीसारखी वाकडी झालेली आहेत. म्हणजे तुमचं नाणं निदान दोन जणांनी त्या काळातच तपासून पास केलंय.

हे ठसेही आता नकली मारतात, तेव्हा तेही तपासून सांगतो: खरा ठसा घावाचा असतो, धातू कडेला किंचित वर उचलला जातो आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी जरा सपाट दिसतं. तुमच्या फोटोत मागच्या नक्षीचा तेवढाच भाग दबलेला आहे. ओतीव नकलेत ठसा नुसता खळगा असतो, मागे काही परिणाम नाही. युआनच्या डॉलरवर असे ठसे क्वचित मिळतात, त्या काळापर्यंत ही चाल मागे पडत चालली होती. अमेरिकन ट्रेड डॉलरवर मात्र खूप. त्याबद्दल इतकंच: ते नाणं १८७३ ला सुरू झालं, त्याआधीचं साल दिसलं की सरळ बाजूला ठेवायचं.

नर्मदातीर

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून प्रमाणपत्र देणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत ना, एनजीसी, पीसीजीएस वगैरे? तिकडे पाठवलं की वादच मिटला.

टाकसाळकर

त्यांचं मत बाजारात मानलं जातं, खरं आहे. पण दोन अडचणी. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं 'पुरावशेष' ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. व्याख्येत नाणं भारतीय असलं पाहिजे असं म्हटलेलं नाही. तेव्हा कुरिअरने पाठवून देऊ असं करू नका. पाठवायचा विचार असेलच तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे लेखी विचारा.

दुसरं, डबीत बंद नाणं विकत घेणाऱ्यांसाठी: डब्याही नकली निघतात, आणि कधी कधी त्यांवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ओरखड्यापर्यंत जुळवायचा. नुसता क्रमांक सापडला म्हणजे झालं असं नाही.

सामान्य प्रकारच्या नाण्यासाठी हा खर्च तसाही परवडत नाही.

अनघा_क

पाठवायचं नाहीच. दोन्ही घरातच राहतील. आता शेवटचं विचारते, ठेवायची कशी? कोकणातली हवा, त्यात पावसाळा. सध्या दोन्ही कागदात गुंडाळून रबर लावून ठेवली आहेत.

कातळशिल्प

रबर आत्ताच काढा, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उठतो. वर्तमानपत्राचा कागदही नको. बाजारातले मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे पाऊच पीव्हीसीचे असतात, काही वर्षांनी त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कडक ॲक्रिलिकच्या गोल डब्या मिळतात. नाणं ३९.१ भरलंय, तेव्हा ४० मिमीची घ्या, म्हणजे कड घासणार नाही. दुसऱ्याचा व्यासही मोजून मगच मागवा. डब्या एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या दर पावसाळ्यात बदलायच्या. नाणं हाताळताना कडेलाच धरायचं, चेहऱ्यावर बोट नाही. पितळी डबा वेगळा ठेवा, पण टाकू नका. आत एका चिठ्ठीवर सासूबाईंच्या आजोबांचं नाव, गाव, ते कोणत्या बोटीवर होते हे जेवढं आठवतंय तेवढं त्यांच्याकडूनच लिहून घ्या, सोबत आजची वजनं आणि घनतेचे आकडे.

अनघा_क

डब्या मागवल्या. ट्रंकेत त्यांचं बोटीवरच्या नोकरीचं एक जुनं पुस्तकही मिळालंय, पानं चिकटलेली आहेत. ती कशी सोडवायची यासाठी वेगळा धागा काढते.